शेवट बदलणारी प्रिस्का

वसईच्या पारनाक्यामागच्या एका गल्लीत प्रिस्काचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका गाळ्याची अर्धी जागा. उरलेल्या अर्ध्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. लग्नाचे गाऊन, शाळेचे गणवेश, पोट सुटल्यामुळे सैल करायला आलेल्या पँटी, सगळं तिच्या मशिनखालून जातं. चाळिशीला टेकलेली, लग्न न केलेली प्रिस्का किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यात आई आणि धाकटा भाऊ जॉयल यांच्याबरोबर राहायची.

तिची शाळा नववीत सुटली. आई आजारी पडली आणि मासळी विकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पण शाळा सुटल्याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. वर्गात ती ‘पानी’ म्हणाली की मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. शेवटची दोन वर्षं तर ती वर्गात तोंडच उघडत नसे.

फ्लॉईड तिच्याकडे आला तो नाटकाचे कपडे शिवून घ्यायला. हा उमेळ्याचा, ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवणारा, दरवर्षी हौशी मंडळींना जमवून स्पर्धेत नाटक उतरवणारा. यंदा त्याला जुन्या काळी गाजलेलं एक विनोदी प्रेमनाटक नव्यानं करायचं होतं. त्यातला प्राध्यापक एका अडाणी कोळणीला शुद्ध बोलायला, चारचौघांत वावरायला शिकवतो आणि शेवटी ती त्याच्याच पायाशी येते.

मापं घेता घेता प्रिस्कानं विचारलं, “ही बाई बोलते कशी, ते वाचून दाखवा ना. कपडे शिवायला बरं पडेल.”

फ्लॉईडनं नाटकाच्या वहीतलं एक पान वाचलं. तिला हसू आवरेना.

“असं कोनी बोलत नाय, सर.”

“मग कसं बोलतात?”

तिनं वही घेतली आणि तीच वाक्यं आपल्या बोलीत म्हणून दाखवली. आधी दबकत, मग हात कमरेवर ठेवून, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला सुनावावं तशी. शेजारचा कव्हरवाला काम सोडून बघत राहिला. तिच्या गळ्यात मापाची पट्टी तशीच असताना फ्लॉईडनं तिला विचारलं, “नाटकात काम करणार का?”

पहिला अंक तिला सोपा गेला. अडचण दुसऱ्या अंकाची होती. तिथं नायिका शिकलेली असते आणि प्रिस्काच्या तोंडात ‘ण’ येत नव्हता. मग दुकान बंद झाल्यावर ती रोज उमेळ्याला फ्लॉईडच्या घरी जाऊ लागली. इमारतींच्या मध्ये तग धरून राहिलेलं ते बैठं घर, मागं थोडी केळी. फ्लॉईडची आई फ्लॉसी आधी तिच्या पुढ्यात खायला ठेवायची आणि मगच शिकवणी सुरू होऊ द्यायची.

“जीभ मागं वळव. टाळूला लाव. बाण. वीणा. कारण.”

“कारन.”

“पुन्हा.”

फ्लॉईड कडक होता, पण हसत कधी नव्हता. प्रिस्काला तेच आवडलं. मशिनवर बसल्या बसल्या ती शब्द घोळवायची. हळूहळू उच्चार बसले, आणि त्यांच्या मागोमाग वाचनाची ओढ लागली. फ्लॉईडनं पुस्तकं दिली, ती वाचून तिनं भांडणं काढली: हा माणूस असा का वागला, ही बाई गप्प का राहिली. एक दिवस तिनंच येऊन सांगितलं की तिनं दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरलाय. फ्लॉईड इतका खूश झाला की त्या दिवशी शिकवणी झालीच नाही, तिघं गप्पा मारत बसली. तो आपल्याला आवडतो हे तिला कळून चुकलं होतं. त्यालाही बहुधा कळलं होतं, पण तो नाटकात गुंतला होता.

स्पर्धा तोंडावर आली तेव्हा शेवटच्या प्रवेशाची तालीम सुरू झाली. शिकून मोठी झालेली नायिका परत येऊन म्हणते, “मी जी काही आहे ती तुमचीच निर्मिती.” प्रिस्का तिथं थांबली.

“सर, हे मी बोलनार नाय.”

“बोलणार नाही,” सवयीनं फ्लॉईड म्हणाला.

प्रिस्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाली, “बोलणार नाही. आता बरोबर आहे? पण बोलणार नाही.”

“हा नाटकाचा शेवट आहे, प्रिस्का. लोकांना तो माहीत आहे.”

“तुम्ही शिकवलंत, ते मी कुणालाही सांगेन. पण शिकले मी. दिवसभर मशिन मारून शिकले. ही बाईपण शिकली असेल ना, स्वतः? मग ती त्याची निर्मिती कशी?”

“मी शिकवलं नसतं तर?” तो बोलून गेला.

ती तालीम सोडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी जॉयल नाटकाचे सगळे कपडे इस्त्री करून घेऊन आला. प्रिस्का आली नाही.

दोन दिवस फ्लॉईड घरात चिडचिड करत फिरला. शेवटी फ्लॉसीनं त्याला समोर बसवलं.

“ती रोज आपल्याकडे आली. तू तिच्या घरी कितीदा गेलास?”

“काम होतं का तिकडे?”

“तेच सांगते मी,” फ्लॉसी म्हणाली.

संध्याकाळी तो कोळीवाड्यात गेला. जॉयल अंगणात जाळं दुरुस्त करत होता. “या सर, बसा. पानी घ्या.” प्रिस्काची आई त्याच्याशी भरभर बोलत सुटली आणि मराठीच्या प्राध्यापकाला अर्धंअधिक कळलं नाही. तो मान डोलवत राहिला, तशी म्हातारी खळखळून हसली. प्रिस्का दारात उभी राहून बघत होती.

“काय म्हणाल्या त्या?”

“तुम्ही हो म्हणालात ना? आता रविवारी तुम्हाला आमच्याकडे जेवायला यायचंय.”

तोही हसला. मग उठून उभा राहिला. “माझं चुकलं. शेवट तू सांग, आपण तसा करू.”

शेवट त्या अंगणातच ठरला. नायिका परत जात नाही. प्राध्यापकच तिच्या दारी येतो, तिला तिच्या बोलीत मागणी घालतो आणि पदोपदी चुकतो. ती त्याला सुधारते. प्राध्यापकाचं काम फ्लॉईडच करत होता. प्रिस्का आणि तिची आई त्याच्याकडून ती वाक्यं घोटून घेऊ लागल्या आणि दोघींपैकी कोणीही दयामाया दाखवली नाही.

प्रयोगाला कोळीवाडा टेम्पो भरभरून आला. पहिल्या अंकात प्रिस्कानं तोंड उघडलं आणि आपली बोली मंचावरून अशी ऐकून मागच्या रांगांतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या अंकात तिची प्रमाण मराठी ऐकताना सभागृहात चिडीचूप शांतता होती. आणि शेवटी फ्लॉईड तिच्या दारात उभा राहून अडखळू लागला, तेव्हा तर प्रेक्षकच त्याला शब्द सांगू लागले. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. तो पुन्हा उघडावा लागला. अभिनयाचं पहिलं बक्षीस प्रिस्काला मिळालं. परीक्षकांपैकी एका बाईंनी तिला विचारलं, यातली तुमची खरी भाषा कुठली? “दोन्ही माझ्याच,” प्रिस्का म्हणाली.

त्या आठवड्यात फ्लॉईडनं तिला खरोखरची मागणी घातली. तिनं सांगितलं, आधी दहावी. निकाल लागला, बासष्ट टक्के पडले, आणि जॉयलनं गल्लीभर पेढे वाटले. लग्नाचा गाऊन तिनं स्वतःच शिवला.

आता ती बारावीच्या अभ्यासाला लागली आहे. यंदाच्या स्पर्धेत कोळीवाड्यातल्या बायकांचं नाटक उतरतंय, बसवतेय प्रिस्का. फ्लॉईडला त्यात पोस्टमनचं छोटं काम मिळालंय. परवा तो तालमीला उशिरा आला, तर तिनं त्याला सगळ्यांसमोर झापलं.