डब्याला वास नव्हता

अगं, जरा जवळ सरक. फोनवर "येते, येते" म्हणतेस आणि सीवूड्सपर्यंत यायला तुला वर्ष लागतं. मग माझ्यासारखीला लिहायला बसावं लागतं. पेन धरायची सवय नाही, तरी बसले. कारण हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, सुनेला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

आम्ही कॅरिबियनच्या बोटीवर गेलो होतो, आठवतं ना? आठ वर्षं झाली. लग्नाला चाळीस झाली म्हणून मुलाने हौसेने पाठवलं. सगळे विचारतात, मजा केलीत ना? मी हो म्हणते. काय सांगणार?

आधी ह्यांच्या नाकाबद्दल सांगते. आम्ही दोघं कोळीच, मी पण बाजारात पाटी घेऊन बसलेली. पण ह्यांचं नाक वेगळं. टोपलीवर नुसते वाकायचे आणि सांगायचे, हा आजचा, हा बर्फातला, हा टाकून दे. बायका सुकट घेऊन घरी यायच्या — दादूस, जरा बघा. पुढे होडी विकली, फ्लॅटमध्ये आलो, तरी यायच्या. त्या आल्या की ह्यांची मान कशी ताठ व्हायची, बघायला हवं होतंस.

तर — बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी, तिकडच्या हॉटेलात माझं पोट बिघडलं. सांगायचं तर सगळंच सांगते. चारदा गेले, एकदा उलटी झाली. आणि बोटीत शिरताना एक कागद भरायचा असतो. दोन दिवसांत उलटी, जुलाब? टूरवाली मुलगी एकेकाला विचारत होती. मी म्हटलं, छे, काही नाही. हो म्हटलं की खोलीत बंद करतात असं ऐकलं होतं. मुलाने एवढं करायचं आणि मी खोलीत पडून राहायचं? हे कारण तेव्हा मला केवढं मोठं वाटलं.

त्याच संध्याकाळी वर डेकवर आमच्या ग्रुपने टेबलं जोडली. मी आधी बाथरूमला जाऊन आले. तिथे पाण्याचा जेट नाही, नुसता कागद. बाहेर नळाखाली हात कुठे धरायचा ते कळेना, पाणी येईना, आणि ग्रुपमधल्या मोहितेबाई हाका मारतायत, काकी या, फोटो काढायचाय. मी हात ड्रेसला पुसले. आणि तशाच हातांनी — ऐकतेस ना? — घरून नेलेले रव्याचे लाडू फोडून बारा जणांना अर्धा-अर्धा वाटला. लोक बोटं चाटत होते.

ह्यांनीही डबा काढला होता. सुक्या जवळ्याची चटणी, घरी भाजून कुटलेली. ज्यांना चालतं त्यांना पावाला लावून दिली. द्यायच्या आधी डबा तीनदा नाकाशी नेला. मी शेजारीच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहितेबाई आजारी पडल्या. संध्याकाळपर्यंत सहाजण. हातमोजे घातलेली माणसं आली, पॅसेजभर औषधाचा आणि उलटीचा वास. पडलेल्यांत मोहितेबाईंची जाऊ होती. ती माशाला शिवत नाही. तिने फक्त लाडू खाल्ला होता. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

जेवणाच्या टेबलावर मोहितेसाहेब आले. आवाज चढवला नाही, गोडच बोलले. "दादा, तुमचा हेतू चांगला होता हो. पण ते सुकं... तुमच्या पोटाला सवय असते, आमच्या नाही." बाकीचे ताटात बघत राहिले. एक बाई हसल्याचं मला ऐकू आलं.

हे म्हणाले, "चटनी चांगली हाय. मी वास घेतलाय." आणि माझ्याकडे वळले. "तूच सांग. वास व्हता काय?"

एका शब्दाचं काम होतं. नव्हता. लाडवाचं कबूल करायचीही गरज नव्हती, नुसतं नव्हता म्हणायचं. पण ते खरं ठरलं असतं तर लोकांनी पुढे विचारलं असतं ना — मग कशाने? त्या टेबलावर दुसरं काय होतं?

मी म्हटलं, "जरा येत होता."

कोळणीचा शब्द, सगळ्यांना पटला. ह्यांनासुद्धा पटला, हेच मला सहन होत नाही. हे भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डब्याचं झाकण नीट लावलं, डबा उचलला आणि जाऊन कचऱ्याच्या पेटीत टाकला. स्टीलचा डबा, चटणीसकट.

तिसऱ्या दिवशी पहिलं बेट लागलं. हे म्हणाले, तू जा, मला नको. मी गेले. माझं पोट तोवर ठणठणीत झालं होतं. नारळपाणी प्यायले, मोहितेसाहेबांनी फोटो काढला, त्यात मी हसतेय. स्वतःची इतकी शिसारी दुसऱ्या कशानेच आली नाही मला.

परत आल्यावर बायका सुकट घेऊन आल्या, तर ह्यांनी दारातूनच सांगितलं, मला नको विचारू, माझं नाक गेलं. आता यायच्या बंद झाल्या. बाजारात हे बांगडा उचलतात आणि माझ्या नाकाशी धरतात — बघ गं, चांगला हाय ना? आणि मी वास घेते, आणि सांगते.

घाबरले होते असं म्हणणार नाही. त्या टेबलावरच्या सहा माणसांसमोर मला घाणेरडं ठरायचं नव्हतं, म्हणून त्यांना ठरू दिलं. अजून सांगितलेलं नाही. सांगेन असं तुला वचनही देत नाही.

तू मात्र ये गं. खरंच ये, या रविवारीच ये जेवायला. ताजं काय मिळेल ते करीन. सुकं मात्र मागू नकोस — आठ वर्षं ते घरात आलेलं नाही.