रूली पेटली

झग्याखालून एखादीचा परकर डोकावला की त्या गावात शेजारीण अजूनही कानाशी येऊन म्हणते, "रूली पेटली." ती लगेच कंबरेशी हात नेऊन परकर वर ओढते. रूली कोण, हे सांगणारीलाही ठाऊक नसतं.

रूली समुद्राच्या बांधाआडच्या तिसऱ्या घरात राहायची. ती सव्वीस वर्षांची असताना तिचा नवरा हार्म मासेमारीला गेला, तो परतला नाही. नवऱ्यासाठी दोन वर्षं सुतकाचे काळे कपडे घालायचे. ते उतरायला महिना उरला आणि सासरा गेला. मग दीर, मग मावशी. कुणासाठी किती दिवस काळं घालायचं, हे तिथं पोरींना शिवणाच्या आधी शिकवत. रूली पाच वर्षं काळ्यातच राहिली. काळ्यात लग्न लागत नसे, आणि होडीवाला वोल्टर तिच्यासाठी दोन वर्षं थांबला होता.

थांबणं त्याला जमत होतं. रूलीला भीती होती ती सासूची, आलीदाची. तिला आता रूलीखेरीज कुणी नव्हतं. दोघी एकाच पातेल्यातून ताकातली पेज खायच्या, हार्मचं नाव न काढता. अंगावर रंग चढवणं म्हणजे त्या म्हातारीला सांगणं, की तुझा मुलगा आता पुरता मेला.

त्या हिवाळ्यात वोल्टरने शहरातून लाल फ्लॅनेलची लांब पट्टी आणली. "घालता येत नाही तर उशाशी ठेव," तो म्हणाला.

"उशाशी उंदीर कुरतडतील," रूली म्हणाली. तिनं ती काळ्या घागऱ्याच्या आत, खालच्या काठाला टाचली. चालताना पोटरीला ऊब लागायची. दिसत कुणालाच नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सगळ्या बायका नेहमीसारख्या पायाखालच्या शेगड्या घेऊन चर्चमध्ये बसल्या. भोकं पाडलेली लाकडी पेटी, आत निखारे, वर पसरलेले घागरे. प्रवचन लांबलं. रूलीनं शेगडी पायानं जरा सरकवली आणि घागऱ्याचा काठ पेटीच्या कोपऱ्याला अडकून उलटला. मागच्या बाकावरच्या फेम्मेला शेगडीवर लाल काहीतरी हललेलं दिसलं.

"रूली पेटली! अगं, रूली पेटली!"

फेम्मे भजनाच्या पुस्तकानं तिच्या पोटऱ्या बडवू लागली. दुसरीनं आपली शाल टाकली. पुरुषांच्या बाजूला वोल्टर ताडकन उभा राहिला. मग फेम्मेचा हात थांबला.

"आग कुठली? फडकं आहे हे."

हसू बाकाबाकांतून पसरत गेलं आणि आलीदापाशी येऊन विझलं. ती समोर बघत होती.

दोघी घरी निघाल्या. हातातल्या शेगड्या निवत चालल्या होत्या. वीस पावलं मागे वोल्टर, टोपी हातात धरून.

"आई, आजच उसवते," रूली म्हणाली.

घरात शिरल्यावर आलीदा म्हणाली, "घागरा काढ." तो घेऊन खिडकीशी बसली, चष्मा लावला. "हे टाके? गोणपाट शिवलंयस का?"

"घाईत घातले."

"कुणी बघू नये म्हणून?"

"तुम्ही बघू नये म्हणून."

बराच वेळ म्हातारीला सुईत दोरा ओवता आला नाही. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तू काळं टाकलंस की त्याला आठवायला मी एकटीच उरेन." दोरा एकदाचा गेला. "उरले तर उरले. मी आई आहे त्याची, मला झेपेल. ईस्टरला उतरव हे काळं."

"आणि मावशीचे राहिलेले महिने?"

"तेही मी घालते. माझ्या अंगावर कोण मोजतंय? आणि बाहेरच्या त्या गाढवाला आत बोलाव. गारठून मेला तर आणखी दोन वर्षं घालावं लागेल तुला."

मग तिनं लाल पट्टीचा सैल टाका न् टाका उसवला आणि ती बारीक टाक्यांनी पुन्हा शिवली.

नऊ वर्षांनी आलीदा गेली. दुसऱ्याची बायको झालेल्या सुनेनं पहिल्या सासूसाठी काळं घालावं, असा गावाचा रिवाज नव्हता. रूलीनं घातलं, नवऱ्यासाठी घालतात तसं, पुरी दोन वर्षं.

तोवर ते बोलणं पोरींच्या तोंडी बसलं होतं. एकदा विहिरीपाशी कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "रूली पेटली," आणि रूलीचा हात आपल्या त्याच जुन्या काळ्या घागऱ्याच्या काठाकडे गेला. आत बोटांना फ्लॅनेल लागलं. टाके बारीक होते. कुठंही सुटले नव्हते.