टॉवरखालची फोटोबाई

शहरात उंच इमारतींना तोटा नाही, पण तिकीट काढून वर चढू देणारे टॉवर तीनच. तिन्ही एका दिवसात बघायचे असं एकत्र तिकीट मिळतं, आणि ते घेणारी माणसं तिसऱ्या टॉवरला पोचेपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात. पोरं किरकिरतात, बायकांना चपला चावत असतात, आणि पुरुष 'ही कल्पना कुणाची होती' हा विषय पुन्हा पुन्हा उकरून काढत असतात. अशी आंबलेली माणसं लिफ्टच्या तोंडाशी जिच्या तावडीत सापडतात ती ही फोटोबाई. तिथे सगळे तिला याच नावाने हाक मारतात. तिला ते नाव मुळीच आवडत नाही, पण तिला काय काय आवडत नाही हे सांगत बसलो तर संध्याकाळ व्हायची.

काम तसं सोपं. हिरव्या पडद्यासमोर फरशीवर लाल पावलं चिकटवलेली आहेत. त्यांवर माणसं उभी करायची, फोटो काढायचा आणि त्यांना लिफ्टकडे पिटाळायचं. ती वर जाऊन खाली येईपर्यंत कॉम्प्युटर हिरव्या पडद्याच्या जागी रात्रीचं झगमगतं शहर बसवून ठेवतो. मग भर दुपारी उन्हाने करपून आलेली माणसं स्वतःला दिव्यांच्या रोषणाईपुढे बघतात आणि हौसेने तो फोटो घेऊन जातात. फोटोबाईच्या मते हा शुद्ध गाढवपणा आहे. जे पाहिलंच नाही त्याचा फोटो कशाला, असं तिने एकदा एका गिऱ्हाइकालाच विचारलं होतं. त्यावरून साहेबांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

नावगाव विचारत बसायला तिथे वेळ नसतो. म्हणून साहेबांनी पहिल्याच दिवशी तिला पढवून ठेवलं होतं: कुटुंबातला बाप्या दिसला की बाबा म्हणायचं, बाई दिसली की आई, केस पिकलेले असले की आजी-आजोबा, आणि पोरं सगळी बाळ. बाबा, पोट आत. आजी, इकडे बघा. आई, मुलांच्या खांद्यावर हात ठेवा. हसा. एकदा तिने कुणाच्या तरी आत्याला आई करून टाकलं होतं, पण मंडळी हसली आणि पुढे गेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिचं तोंड असं आपोआप चालत असे आणि डोकं दुसरीकडे असे.

डोकं असे लेकीपाशी. नवऱ्याने दुसरा घरोबा केला तेव्हा फोटोबाईकडे ना घर होतं ना नोकरी, त्यामुळे लेक त्याच्याकडे राहिली. तेव्हापासून ही बाई जगावर दात-ओठ खात आली होती. पण हात-पाय गाळून बसली नाही. ही नोकरी धरली, एक खोली भाड्याने घेतली. खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसे. तिथे दुसरी खाट आणून तिने त्यावर नवी चादर घातली आणि कोर्टात अर्ज केला. आता पुढच्या आठवड्यात कोर्टातल्या बाई लेकीलाच विचारणार होत्या, की तुला कुणाकडे राहायचंय. बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून जे निघेल त्यावर सगळं ठरायचं होतं.

फोटोबाईला खात्री होती, आणि खात्रीला कारणही होतं. बापाने कितीही जीव खाल्ला तरी पोरीने त्या नवीला कधी आई म्हटलं नाही. 'ऐका ना' म्हणायची आणि काम भागवायची. बापाने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, डोळे वटारून पाहिलं, एकदा तर भरल्या ताटावरून उठवलं. पोरगी ढिम्म. "त्यांना मी काही म्हणत नाही," तिने फोनवर हळू आवाजात सांगितलं होतं, "तो शब्द तुझा आहे." त्या रात्री फोटोबाई खाटेवर बसून ढसाढसा रडली, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांशी चक्क नीट बोलली. साहेबांना वाटलं, बाईला बरं नाही.

आणि मग सुट्टीच्या त्या दुपारी रांगेत तिला नवरा दिसला. आता नवरा म्हणायचं ते तोंडाच्या सवयीने. शेजारी ती नवी, आणि दोघांच्या मध्ये लेक.

हा माणूस टॉवर बघायला आला नव्हता, हे तिने तिथल्या तिथे ओळखलं. टॉवर निमित्त होतं. आधीचे दोन बघून हा मुद्दाम शेवटी ठेवला होता. 'बघ तुझी आई काय करते' हे पोरीला दाखवायचं होतं. कुठला तरी टोपीवाला गणवेश घालून लोकांना 'पोट आत' म्हणते, आणि तू हिच्याकडे राहणार? फोटोबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात लेकीच्या दोन घट्ट, सारख्या वेण्या दिसल्या. त्या कुणी घातल्या असतील हे कळायला काही अक्कल लागत नव्हती. इतकी मन लावून घातलेली वेणी बघून तिला त्या बाईचा जास्तच राग आला.

लेकीने आईला पाहिलं. चेहरा असा उजळला म्हणून सांगू, आणि बापाला दिसू नये म्हणून तिने कमरेपाशीच हात हलवला. फोटोबाईने हात हलवला नाही. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: या माणसाला माझ्या डोळ्यांत पाणी दिसणार नाही. तो एक गिऱ्हाईक, मी फोटोबाई. बाकीच्यांचा काढते तसाच याचा फोटो काढणार. येऊ दे.

रांग सरकत सरकत त्यांची पाळी आली. काय हो बाई, कुठे उभं राहायचं, असं त्याने विचारलं. बाई. जिच्याबरोबर नऊ वर्षं संसार केला तिला बाई. तिने खालच्या लाल पावलांकडे बोट दाखवलं आणि कॅमेऱ्यामागे डोकं घातलं. मानेची शीर ताठ झाली होती, पण तोंड मस्त चाललं होतं, रोजच्यासारखं चाललं होतं, आणि याचाच तिला अभिमान वाटत होता.

"बाबा, जरा डावीकडे. बाळ, मान वर. आई, मुलीच्या खांद्यावर हात ठेवा. हसा."

फ्लॅश उडाला. आपण काय बोललो हे तिला तेव्हा कळलं.

नवरा मोठ्याने हसला. हसतच त्याने नव्या बायकोला कोपराने डिवचलं. ती बिचारी गोंधळून उभी होती. सांगितल्याबरहुकूम तिने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला होता. एरवी तिचा हात लागला की पोरगी खांदा झटकायची, हे फोटोबाईला ठाऊक होतं. आज तिने झटकला नाही. ती आईकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर फोटोबाईला तो ओळखता आला असता, रागाशी तिची जन्माची ओळख. मग लिफ्टचं दार उघडलं आणि तिघं आत गेली.

मागच्या कुटुंबातले आजोबा पावलांवर उभे राहून हसूसुद्धा लागले होते. फोटोबाईने कॅमेरा तसाच सोडला, रांगेचा पट्टा ओलांडला आणि पुढच्या लिफ्टमध्ये घुसली. साहेब मागून ओरडत होते, की रांग तुंबली, आजच्या आज घरी बसवीन. ओरडेनात का. लिफ्टमध्ये दाटीवाटीने भरलेल्या माणसांनी तिच्या टोपीकडे पाहून तिला विचारलं, वर टॉयलेट कुठे आहे. तिने सांगितलं, मला नाही माहीत. ते खरंच होतं. इतकी वर्षं खाली उभी राहून ती एकदाही वर गेली नव्हती. वर काय मेलं ठेवलंय, असंच ती म्हणायची.

वर चहूबाजूंनी काच होती आणि काचेला नाकं लावून माणसं होती. जो तो आपलं हॉटेल शोधत होता. एक माणूस बायकोशी हुज्जत घालत होता, की नदी ती नव्हेच, ती ही. दोन पोरं काचेच्या फरशीवर पालथी पडून, खालचे लोक मुंग्यांएवढे दिसतात म्हणून ओरडत होती. फोटोबाईने सगळ्यांना कोपरांनी बाजूला केलं. शिव्या खाल्ल्या, दोन परतही दिल्या.

नवरा दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. नवी पाण्याची बाटली धरून थोडी लांब, पोरीला एकटं सोडावं की जवळ जावं हे न कळल्यासारखी. लेक काचेला कपाळ टेकून खाली बघत होती. फोटोबाईला धाप लागली होती. लिफ्टमध्ये जुळवलेलं सगळं ती विसरली, की मुद्दाम नव्हतं, की बापाला तोंड देताना मी तुझ्याकडे बघितलंच नाही, की तुझ्यासाठी खाट आणलीय.

"चुकून गेलं गं तोंडातून," ती म्हणाली. "दिवसभर तेच बोलते मी. सवय झालीय."

लेकीने मान वळवली नाही.

"माहितीय मला," ती म्हणाली. "तुला सवय झालीय. मग त्या शब्दासाठी मी एकटीनेच का भांडत बसू?"

फोटोबाईने तिच्या दंडाला धरलं. एवढ्यात नवऱ्याने दुर्बिणीतून डोळा काढला आणि तो तरातरा आला. इथे तमाशा नको, कोर्टात हेही सांगीन, असं काहीबाही बोलू लागला. लोक शहर सोडून यांच्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा फोटोबाईला भांडायचं नव्हतं, फक्त पोरीने आपल्याकडे बघावं एवढंच हवं होतं.

पोरीने दंड सोडवून घेतला. झटका दिला नाही, एकेक बोट हळूच बाजूला केलं. मग ती वळली आणि तिने हात पुढे केला, आईच्या दिशेने नव्हे.

"आई," ती नवीला म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली, "आई, पाणी दे ना."

नवीचा हात बाटलीवर तसाच राहिला. तिने आधी फोटोबाईकडे पाहिलं, देऊ का म्हणून विचारावं तसं. फोटोबाई पोरीच्या वेण्यांकडे बघत होती. तेव्हा त्या बाईने मान खाली घातली, झाकण उघडलं आणि बाटली पोरीच्या हातात दिली.