खालून ऐकू आलेला कातळ

शुद्धलेखनाला कुणी हसू नये, मी चौथीच शिकले. अक्षरही धड नाही. पण दामूदादा गेल्याची बातमी आली त्याला महिना झाला आणि मला अजून रडू आलेलं नाही... का, ते कुठेतरी लिहून ठेवते.

दामूदादा सख्खा नव्हे, मानलेला. विहिरी खणायचा. माझे यजमान गेले त्या वर्षी भाऊबीजेला आपणहून आला. विधवेने ओवाळू नये म्हणतात, तर म्हणाला, "ओवाळ गो. मी हाय ना तुजा." पुढे पनवेलच्या आमच्या वाडीत विहीर खणायचं ठरलं, तेव्हा त्यालाच सांगितलं. मातीचा दर वेगळा, कातळ फोडायचा चौपट. दगडी बांध कातळातच बसवायचा, नाहीतर खचतो. कातळ लागला की मालकाने उतरून बघायची रीत. पण बाईमाणूस विहिरीत उतरत नाही, म्हणून मी काठावरून ऐकायचं ठरलं. मुरमावर पहार भसकन जाते, कातळावर वाजते.

"ऐकतेस ना गो?" तो खालून ओरडला. खण, खण, खण. मी नारळ फोडला. दोन हात कातळ फोडल्याचे पैसे पाटल्या मोडून दिले.

तिसऱ्या पावसाळ्यात बांध ढासळला. दादा म्हणाला, "जमीनच वायट तुजी." गाळ काढायला मी दुसरा गडी आणला. तो वर येऊन म्हणाला, "वैनी, खाली मुरूमच हाय, कातळ लागलाच नाय. ह्यो धोंडा तेवढा गावला, भायरून आणलेला." काळा धोंडा, वर पहारेचे घाव. मी पहार मारून पाहिली. तोच आवाज.

मला कुणाला काही विचारता येत नाही. त्यालाही विचारलं नाही. दर भाऊबीजेला ओवाळत राहिले. तो फराळ करता करता म्हणायचा, "चकली का कातळ गो ह्यो?" आणि हसायचा. मीही हसायचे. वाटायचं, एक दिवस आपणहून सांगेल...

परवा त्याची बायको आली. पुरचुंडी पुढे ठेवून म्हणाली, "वन्सं, कातळाचे पैशे. जाताना सांगून गेले, तिचे तिला दे. तिला कवाच कललंय, म्हणाले, पन बोलायची नाय ती."

म्हणजे मला कळलंय हे त्याला माहीत होतं. तरी दरवर्षी येऊन ओवाळून घेत होता.

वहिनी म्हणाली, "मोजून घ्या." मी मोजले. पुरे होते, एक आणासुद्धा कमी नव्हता.