आत्याची कलती खाट

काटकोनावर इतका जीव लावणारा माणूस उभ्या खानदेशात माझ्या आतोबांखेरीज दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्याच्या बायकोची मला आधीच कीव येते. आतोबा मूळचे नशिराबादचे, पण धुळ्याच्या एका शाळेत भूमिती शिकवायची नोकरी लागली आणि ते कायमचे तिथलेच झाले. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, इथल्या गल्ल्या एकमेकींना काटकोनात भेटतात, माणसाला आणखी काय हवं? जेवायला बसताना पाट भिंतीला समांतर आहे ना, हे आधी बघणार, मग वरणभात. एकदा माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हे पोह्यांची बशी हातात धरून दाराकडेच टक लावून बसले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "चौकट कलली आहे तुमची." ते स्थळ तिथंच मोडलं.

माणसांनाही ते चौकोनात बसवायचे. समांतरभुज चौकोनात समोरासमोरचे कोन सारखे आणि शेजारशेजारचे मिळून दोन काटकोन, हाच त्यांच्या संसाराचाही नियम. एकानं ऐसपैस व्हायचं तर शेजारच्यानं तेवढंच आकसायचं, बेरीज काही बदलत नाही. आत्या विशालकोन आणि आपण लघुकोन, असं चारचौघांत सांगायचे. आत्या मुकाट्यानं भाकरी थापत राहायची. तिची एकच गोष्ट त्यांना सोसत नसे. तिची सुंभाची खाट जुनी, चारही सांधे ढिले. ती एका कुशीवर, पायथ्याला पाय रेटून झोपायची. त्यामुळे सकाळपर्यंत खाटेच्या आयताचा समांतरभुज चौकोन व्हायचा, आणि उशाकडची बाजू शेजारच्या आतोबांच्या खाटेकडे सरकलेली असायची. रोज सकाळी आतोबा गुडघा लावून खाट सरळ करायचे आणि मगच दात घासायला जायचे.

आत्या गेली. तेराव्याला तिची खाट दान द्यायची होती, पण आतोबा खाटेवर हात ठेवून उभे राहिले ते हलेनात. शेवटी अंथरूण तेवढं गेलं आणि मोकळी खाट होती तिथंच राहिली. काही महिन्यांनी मी गेलो, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं की सकाळी खाट कललेली असते. मी म्हटलं, सुंभ ओढत असेल, दुसरं काय? ते म्हणाले, संध्याकाळी तूच दोरी लाव. मी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताणली. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे खाट काटकोनात. दाराला आतून कडी लावली, मांजराला बाहेर काढलं. सकाळी तीच दोरी एका कर्णाला पुरेना आणि दुसऱ्यावर लोंबू लागली. उशाकडची बाजू आतोबांच्या खाटेकडे सरकली होती. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आतोबांनी मात्र शाळेतला लाकडी कोनमापक चारही कोपऱ्यांना लावला आणि म्हणाले, "बघ, गेली तरी समोरासमोरचे कोन सारखे ठेवते." त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शेजारच्या सुतारानं खाट हलवून सगळे सांधे तपासले. "बठ्ठा सांधा ढिला व्हयी ग्यात, मास्तर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक पट्टी ठोकी देस," म्हणाला. आतोबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मला म्हणाले, कर्णावर पट्टी बसली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण काही केल्या कलत नाही. मग ती येऊन गेली की नाही, हे मला कळायचं कसं?

पुढं त्यांची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला दोंडाईचाहून माहेरी आली. तिला पोचवायला मीच गेलो होतो. निजायची खोली एकच. संध्याकाळी सरळ असलेली आईची खाट सकाळी कललेली पाहिली आणि ती पोटावर हात धरून थेट अंगणात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "नाना, आईच असली तरी मला भीती वाटते. खाट टाकून देऊ नका, पण पुन्हा हलली तर मी सासरी परत जाते."

आतोबा त्या दिवशी शाळेत गेले नाहीत. एकीकडे गेलेली बायको, एकीकडे जिवंत लेक, आणि मधे बिचारा एक भूमितीचा मास्तर. दुपारी स्वतःच सुताराकडून पट्टी, खिळे आणि हातोडा घेऊन आले. मला म्हणाले, धर. खाट सकाळी कलली होती तशीच होती. ती सरळ करायला मी गुडघा लावला, तर त्यांनी माझा खांदा धरला.

"नको. जन्मभर तिला सरळच करत आलो. आता राहू दे तिच्या मनासारखी."

पट्टी त्यांनी त्या तिरप्या खाटेवर तशीच ठेवली आणि एकेक खिळा सावकाश ठोकला. मधेच थांबून त्यांनी डोळे पुसले. मी दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट तसूभरही हलली नव्हती. लेक अजून गाढ झोपेत होती. आतोबांनी एका कर्णावर दोरी धरली, दुसऱ्यावर धरली, मग पुन्हा पहिल्यावर धरली. कितीतरी वेळ ते तसेच उकिडवे बसून होते. माझी आत्या त्या सकाळी गेली, असं मला आजही वाटतं.