डुकरांच्या काट्यावर विदोसावा

विदोसावाच्या डाव्या गुडघ्यात हाडावर हाड घासत होतं. डॉक्टरनं जूनमध्ये सांगितलं ते एवढंच: एकशे दहा किलोच्या आत या, मग गुडघा बदलू. नोव्हेंबरातली तारीख दिली. त्या दिवशी काटा एकशे दहाच्या वर गेला तर नाव यादीच्या शेपटाला जाणार, आणि ते शेपूट दोन वर्षांचं. जूनमध्ये इस्पितळाच्या काट्यावर ती एकशे एकतीस भरली. वय एकसष्ट, हातात दोन काठ्या. संडासाला जायचं तर आधी पाच मिनिटं मनाची तयारी करावी लागायची.

आहाराचा कागद एका काडीसारख्या पोरीनं दिला. पाव नाही, बटाटा नाही, मका नाही, घेवडा नाही, फळ नाही.

"मग राहिलं काय? गवत?"

"मांस, अंडी, चीज, कोबी," पोरगी म्हणाली. तिच्या टेबलावर ग्लासात खारट काड्या उभ्या होत्या. विदोसावाची नजर तिथून हलेना.

कारण तिची खोड गोडाची नव्हतीच कधी. कारखान्याच्या भटारखान्यात तीस वर्षं उकडलेलं, मऊ, गिळगिळीत अन्न वाढून तिला एकच हाव लागली होती: खारट, आणि दाताखाली मोडणारं. संध्याकाळी टीव्हीसमोर खारट काड्यांचं पाकीट फोडलं की डोक्यात असा कुरकुराट व्हायचा की नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा नाही. नवरा गेल्यावर घरातली शांतता ऐकू यायची नाही.

पहिल्या दोन रात्री ती जेवणानंतर लाकडी चमचा चावत बसली. सूनबाई यास्ना हे सगळ्या गल्लीला सांगून आली.

मग विदोसावानं डोकं चालवलं. मेंढीच्या चीजचे तुकडे लोखंडी तव्यावर करपेपर्यंत भाजून पाहिले. दहा मिनिटं छान मोडायचे, मग चामडं. भोपळ्याच्या बिया मिठात परतल्या. दाताच्या कवळीखाली अडकल्या. कोबीची पानं भट्टीत वाळवली. यास्नानं एक पान तोंडात घातलं आणि म्हणाली, "आई, हे अंगणातून उचललं की झाडावरून?"

शेवटी उरलं ते स्वतःचंच: च्वार्ची. डुकराची चरबी कढईत तासन्‌तास ढवळत तळायची, शेवटी दुधाचा हबका मारायचा म्हणजे रंग चढतो, मग पिळून तूप काढायचं. उरतात ते चरबीचे कुरकुरीत तुकडे. विदोसावाच्या हातचे तर तंबाखूच्या धाग्यांसारखे बारीक, तांबूस, तोंडात टाकले की मोडून विरघळणारे. चार तास ती कढईवरून हलायची नाही. कोलुबारा नदीच्या या अंगाला डुक्कर कुणाचंही कापलं जावो, कढईशी विदोसावाच हवी. तिचा गुडघा त्या कढयांनीच खाल्ला होता, पण हे कुणी कधी बोललं नाही. आणि च्वार्चीत साखर नाही, पिष्ट नाही. कागदात बसत होतं. फक्त किती खायचं ते वजनावर ठरणार.

आणि वजन करायचं कशावर? घरातल्या काचेच्या काट्यावर तिनं पाय ठेवला आणि तो मधोमध तडकला. "काट्यानं जीव दिला," यास्ना म्हणाली.

मग दीर आठवला. तियोसाव डुकरांचा व्यापारी. त्याच्या अंगणात लोखंडी कठड्यांचा मोठा काटा, एका बाजूनं जनावर आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. कठडे धरून चढता येत होतं. इस्पितळातून आल्यावर चौथ्या दिवशी ती तिथं गेली.

"या वहिनी, या," तियोसाव म्हणाला. "मागच्या दारानं नको, डुकरांच्याच दारानं या. मान द्यायला हवा त्यांनाही."

"तुमचा भाऊ असता ना भावोजी, तर तुमचे दात या काट्यावर मोजले असते."

सुई एकशे चोवीसवर थांबली. चार दिवसांत सात किलो! विदोसावाच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणात उभी असलेली माणसं हसली, टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आनंदानं.

पाच महिने दर गुरुवारी ती त्या काट्यावर चढली. गुरुवार हा डुक्करखरेदीचा दिवस, त्यामुळे प्रेक्षक असायचेच. कुणी म्हणायचं, "हिला विकत घेताय का, तियोसाव?" कुणी विचारायचं, "पाठीवर चरबी किती बोटं?" ती उलटून बोलायची, कारण आकडा उतरत होता. एकशे वीस. एकशे सोळा. ऑक्टोबरात एकशे अकरा. मग तिनं स्वतःला रोज संध्याकाळी एक मूठ च्वार्ची मंजूर केली. एक किलोच तर राहिला! ती एकेक धागा जिभेवर ठेवायची आणि टीव्ही बंद करायची, नीट ऐकू यावं म्हणून.

शेवटच्या गुरुवारी सकाळी सातला तियोसावच्या काट्यावर एकशे नऊ भरले. तिथूनच यास्नानं गाडी काढली. विदोसावानं पिशवीत रात्रीचे कपडे घेतले, आणि च्वार्चीची कागदी पुडी. ऑपरेशन झालं की पहिला घास तिचा.

इस्पितळाच्या काट्यानं एकशे पंधरा दाखवले.

"तुमचा काटा खोटा आहे," विदोसावा म्हणाली.

परिचारिकेनं तिला खाली उतरवलं. स्वतः चढली. छप्पन्न. "रोज छप्पन्न," ती म्हणाली आणि नाव खोडलं. "बाई, सोळा किलो उतरवलेत, चांगलं केलंत. आणखी एक महिना आधी नेट लावला असता तर."

एक महिना आधी. मुठीमुठीनं खाल्लेला तोच महिना.

परतीच्या वाटेवर तिला ओब्रेनची शिवी आठवली. शेजारचा ओब्रेन दर हिवाळ्यात कोकलायचा, तियोसावच्या काट्यावर माझं डुक्कर शंभरामागे पाच किलो हरवतं म्हणून. तिचा नवरा कोकलायचा. ती स्वतः कोकलली होती, वीस वर्षं! आणि माणूस त्याच लोखंडावर चढलं तर त्याचेही पाच किलो हरवतील, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"यास्ना, भावोजींकडे घे गाडी."

यास्नानं आरशात पाहिलं नाही. "आई, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

अंगणात आठ-दहा डुकरं रांगेत होती, दारात ट्रक. विदोसावा काठ्या टेकत थेट काट्यावर चढली आणि इस्पितळाचा कागद वर धरला. "दीड तासापूर्वी एकशे पंधरा. आता वाचा."

सुई एकशे नऊवर.

कुणालाही धक्का बसला नाही. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, तिलाच सगळ्यात उशिरा कळलं. ओब्रेननं टोपी सरकवली. "विदोसावा, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तर आम्ही डुकरांना पहाटे मीठ चारतो आणि बादल्याबादल्या पाणी पाजतो. तो काटा मारतो, आम्ही पाणी भरतो. तू एवढी खूश व्हायचीस, मग म्हटलं, कशाला तोंड घाला."

"पाच महिने?"

"दर गुरुवारी तेवढीच करमणूक होती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसू फुटलं.

विदोसावानं काठ्या खाली टाकल्या. कठडा धरून ती काट्याच्या पत्र्यावर बसली, डुकरांच्या घाणीत, पाय पसरून. पुडी उघडली. एक चिमूट तोंडात टाकली. कुरकुर सगळ्यांना ऐकू गेली.

"वहिनी, उतरा. ट्रक थांबलाय."

"थांबू दे. काटा खरा कर."

"वहिनी, लोकांसमोर—"

"लोकांसमोरच मोजलंस ना मला? तुला सांगायचं तोंड नव्हतं, कारण सांगितलं असतं तर भावाच्या डुकरांचाही हिशेब द्यावा लागला असता. माझा पाय विकलास तू. कर खरा. नाहीतर मी बसलेय. मला उठता येत नाही, तुला चांगलं माहितीय."

तियोसावनं रांगेकडे पाहिलं. कुणी त्याच्या बाजूनं बोलेना. प्रत्येकाचं डुक्कर शंभरामागे पाच किलो वाढणार होतं. तो पाना घेऊन वाकला. मागचं वजन सरकवलं. सुई चढली: एकशे बारा, एकशे चौदा, एकशे पंधरा. थांबली. विदोसावा तिच्याकडे बघत चावत राहिली.

अंगणात आरोळी उठली. तिच्यासाठी नव्हे. "चला, चला, आधी माझं!" ओब्रेन आपली मादी घेऊन पुढं घुसला. "विदोसावा, ऊठ की! पाणी धरून आहेत जनावरं, आता सांडलं तर सगळं मुसळ केरात!"

खरा काटा आणि पोटात फुकटचं पाणी. असा दिवस पुन्हा येणार नव्हता. दोघांनी तिच्या काखेत हात घातले, पोतं काढावं तसं काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. काठ्या कुणी उचलल्या नाहीत. एक काठी ओब्रेनच्या मादीच्या खुराखाली मोडली.

मादी काट्यावर चढली, गांगरली, आणि विदोसावा बसली होती त्याच जागी भडाभडा मुतली. सुई थरथरत खाली येऊ लागली. ओब्रेन आईबहिणीवरून शिव्या देत होता.

विदोसावानं पुडीच्या तळातला चुरा तळहातावर ओतला. यादीच्या शेपटाची दोन वर्षं पुढं होती. तिनं चुरा जिभेवर घेतला, पण त्या गोंधळात तिला दाताखालचं काही ऐकू आलं नाही.