सहावी ब चा खेळाचा तास

गुरुवार, ११ सप्टेंबर. सकाळी ढग, अकरानंतर कडक ऊन. मैदान ठणठणीत कोरडं.

आमच्या स्टाफरूममधला शेवेचा डबा एक वेळ रिकामा होईल, किस्से संपायचे नाहीत. नुसत्या सहावी ब च्या खेळाच्या तासाचेच इतके साठलेत की आज लिहून टाकते. हसू येईल, पण मला आता येत नाही.

*

खेळाचे पवार सर जळगावहून आले. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या फुटबॉलमध्ये हवा भरली. प्रिन्सिपल मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"हवा कशाला भरली?"

"खेळायला."

"अहो, फुगलेला बॉल दिसला की मुलं मागतात ना!"

बॉल परत कपाटात गेले. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी तेवढे फुगतात.

*

गणिताचे दुबेजी खेळाच्या तासाला हमखास वर्गात. "पवारजी, बस पाँच मिनट, एक सवाल रह गया." पवार सर शिट्टी गळ्यात घालून बाहेर उभे. घंटा झाली तरी फळ्यावर नवा सवाल चालूच.

बाहेर येऊन दुबेजी वर त्यांनाच सांगतात, "भिया, इन बच्चों का ध्यान ही नहीं है. सब खिड़की के बाहर देखते हैं."

खिडकीबाहेर मैदान आहे.

*

मध्ये एक तज्ज्ञ बाई येऊन गेल्या. मूल पळालं की त्याचं डोकं जागं होतं, तेव्हा पळू द्या, असं त्यांनी आम्हां शिक्षकांना समजावलं. सगळ्यात जास्त टाळ्या मॅडमच्या.

दुसऱ्याच दिवशी खेळाच्या तासाला मॅडमनी सहावी ब ला निबंध दिला: 'दौड़ने के लाभ'. मी हिंदी शिकवते म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. शेवटच्या बाकावरच्या सान्वीनं एकच ओळ लिहिली होती.

"पहले दौड़ने दो, फिर बताऊँगी."

मी पूर्ण मार्क दिले.

*

ही सान्वी हुशार आहे, पण बाकाखाली तिचा पाय सारखा हलतो. त्याची शिक्षा ठरलेली. कधी चुकूनमाकून वर्ग मैदानावर गेलाच, तर ही एकटी आत.

मी मॅडमना म्हटलं, "पाय हलतो म्हणून बसवून ठेवायचं, आणि बसवून ठेवल्यामुळेच तो हलतो. हे कुठवर चालणार?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जोशी मॅडम, तुमचा सब्जेक्ट हिंदी ना?"

*

मग मॅडमनी सान्वीसाठी 'एकाग्रता वर्ग' काढला. डोळे मिटून, हात गुडघ्यांवर, अजिबात न हलता. वेळ अर्थातच खेळाच्या तासाची. गणिताची कोण देणार?

सान्वीनं सरळ विचारलं, "मी हललेच नाही तर खेळायला सोडाल?"

"महिनाभर बसून दाखव. सोडते."

ती बसली. मी दारातून बघायचे. दोन्ही पाय एकमेकांत घट्ट अडकवलेले, जबडा आवळलेला, नाकावर माशी बसली तरी पोर ढिम्म. महिना भरत आला तसे पवार सर म्हणाले, "सोमवारी तिच्याबरोबर पहिला राउंड मी मारणार."

आज प्रार्थनेनंतर मॅडमनी सान्वीला पुढे बोलावून सर्टिफिकेट दिलं. टाळ्या झाल्या. मग सूचना वाचून दाखवली: एकाग्रता वर्गाचा रिझल्ट उत्तम आल्यामुळे सोमवारपासून अख्खी सहावी ब खेळाच्या तासाला एकाग्रता वर्गात बसेल. मॉनिटर, सान्वी.